दाराबाहेरच्या पंख्याची तक्रार

मित्रांनो, पंख्याने माणसांकडे तोंड करून बसायचे असते. माझे तोंड भिंतीकडे आहे. मी बोरीवलीच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर, एका बंद दाराबाहेर स्टुलावर ठेवलेला जुना टेबल फॅन आहे. इथे माझा वारा कुणालाच नको असतो. मला ठेवले आहे ते खडखडाटासाठी.

हसू नका. ही नोकरी मला कशी मिळाली आणि हल्ली मी एवढा चिडचिडा का झालो आहे, ते सांगतो.

माझा जन्म ठाण्याच्या एका कारखान्यात झाला. बिडाचा जड पाया, पोपटी रंग, तीन पाती आणि पुढे तारेची गोल जाळी. बाहेर पाठवण्यापूर्वी एका माणसाने मला तिन्ही वेगांवर फिरवले आणि कान लावून ऐकले. माझा आवाज इतका कमी होता की मी चालू आहे की नाही, याची त्याने हात धरून खात्री केली. पुढे बँकेत नोकरी करणाऱ्या भाऊंनी मला विकत घेतले. त्यांची मुलगी वसुधा तेव्हा शाळेत होती. मी मान फिरवत सगळ्यांना सारखा वारा देई, आणि ज्याच्यावरून पुढे सरके तो म्हणे, "अरे, इकडे थांब ना जरा!" पाहुण्यांना माझ्यासमोरची खुर्ची मिळे. ते दिवस चांगले होते.

पण पंखाही झिजतो. माझा दांडा ज्या पितळी नळीत फिरतो तिला बुश म्हणतात. बुश झिजला की दांडा डुगडुगतो, पाती थरथरतात, जाळी वाजू लागते. माझे तसेच झाले. त्यातच घरात एसी आला. मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकण्यात आले. तिथे मी किती काळ होतो, मला माहीत नाही. माळ्यावर काही घडतच नसल्यामुळे मोजायला काही नव्हते.

मधल्या काळात वसुधा मानसशास्त्र शिकली आणि वसुधाताई झाली. तिने तळमजल्यावरचा गाळा घेऊन कौटुंबिक समुपदेशन केंद्र सुरू केले. म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. घरातली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, किंवा नुसती ओरडूच लागली, की ती ताईंसमोर येऊन बसतात. ताई एकाला बोलायला लावतात आणि दुसऱ्याला मध्ये न बोलता ऐकायला लावतात. गोळी नाही, सुई नाही. वाटते सोपे. पण त्या खोलीतून बाहेर पडणारी माणसे मी पाहिली आहेत. चढण चढून आल्यासारखी दमलेली असतात.

अडचण एकच होती. आतली खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती. आतला शब्द न् शब्द बाहेर येई. एकदा आत नवरा-बायकोचे चालले असताना बाकावर बसलेल्या एका काकूंनी दाराकडे तोंड करून निकालच दिला, "पोरीचं बरोबर आहे हो!"

त्या दिवशी मला माळ्यावरून खाली काढले.

इथे गंधालीची ओळख करून देतो. ती केंद्राचे फोन आणि भेटीच्या वेळा सांभाळते. विज्ञानाची पदवी घेऊन नुकतीच आली आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय तिला पटत नाही. तिने ताईंना आत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला बसवले आणि स्वतः बाकावर बसून मला एक, दोन, तीन अशा वेगांवर लावले. एकवर वाक्ये कळत होती. तीनवर आतल्या माणसांना मीच ऐकू येत होतो. दोनवर मात्र आत कुणीतरी बोलते आहे एवढेच कळे, काय बोलते ते नाही. नव्या पंख्यांना हे जमेना, कारण ते फार शांत. "हाच पाहिजे," गंधाली म्हणाली. "ह्याचा खडखडाट सगळीकडे सारखा पसरतो आणि शब्द बुडवतो." ज्या दोषापायी मी माळ्यावर गेलो होतो, त्याच दोषासाठी मला कामावर घेतले. माझी हरकत नव्हती. माणसे माझ्या आडोशाने मोकळी होत होती.

आता चिडण्याचे कारण. आतले मी बुडवतो, पण बाकावरचे बोलणे मला ऐकावेच लागते. आणि बाकावर माणसे सर्वांत जास्त कशाबद्दल बोलतात? आरोग्य विम्याबद्दल.

राजेश आणि श्रुतिका धुरी यांचीच गोष्ट घ्या. (नावे बदलली आहेत. माझ्या कामात तेवढे पाळावे लागते.) राजेश अंधेरीला एका कंपनीत आहे. घर दिंडोशीला. घरात तो, बायको श्रुतिका आणि वडील गुणाजी. आई वनमाला वारली, आणि त्यानंतर गुणाजींनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले. पहाटे उठून सगळे तेच रांधत. डबे तेच भरत. श्रुतिकाने एकदा हौसेने खिचडी केली, तर "भूक नाय," म्हणून पानावरून उठले. तिने ओट्यावरचा डबा जरा सरकवला, तर संध्याकाळी तो पुन्हा पहिल्या जागी.

"मला माझ्याच घरात चहा करायला परवानगी लागते," ती बाकावर म्हणाली होती.

"आयतं मिळतंय ना तुला? बाकीच्यांच्या बायका देव पाण्यात ठेवतील यार, असा सासरा मिळावा म्हणून!"

"मग त्यांच्यातलीच एक आण."

यानंतर ती मुलुंडला माहेरी गेली. राजेशच्या फोनला उत्तर देईना. फक्त इथे, ताईंसमोर, दोघे बोलत. ती मुलुंडहून येई, तो अंधेरीहून, आणि संपले की दोघे दोन दिशांना जात. हे बोलणे बंद पडले असते, तर त्या घरात बोलणेच उरले नसते. हे लक्षात ठेवा, कारण ते बंद पडायची वेळ आली होती. राजेशच्या पगारात ही फी फार दिवस बसणार नव्हती.

राजेशच्या कंपनीने आरोग्य विमा उतरवला होता. त्याच्या जाहिरातीत आजी-आजोबा, नवरा-बायको, मुले असे अख्खे कुटुंब हसत उभे होते आणि खाली लिहिले होते की मनाच्या आरोग्याचीही काळजी घेऊ. राजेशने बिल पाठवले. ते परत आले. वैवाहिक समुपदेशन विम्यात बसत नाही.

गंधालीने हे काम हातात घेतले. प्रयोगशाळेत करतात तसे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे तिने ठरवले. खोटे काही नाही, खरेच पण वेगळ्या शब्दांत. तिने 'कौटुंबिक समुपदेशन' लिहून पाठवले. उत्तर आले, रुग्णाचे नाव नाही. दोघांची नावे लिहिली. उत्तर आले, एका दाव्यात एकच रुग्ण असतो. एकाचे नाव लिहिले. उत्तर आले, आजाराचे नाव नाही. मग तिने राजेशची परवानगी घेऊन विमा कंपनीला फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, पेशंट कोण आहे?"

"अहो, पेशंट असा एक नाहीये. घरातल्या तिघांचं आपसात बिघडलंय. त्यावर उपचार चाललेत."

"हो मॅडम, पण सिस्टममध्ये एकच नाव जातं."

"कायद्यात लिहिलंय ना, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हणून?"

"आजाराला, मॅडम. भांडणाला नाही."

"पॉलिसीचं नाव फॅमिली, फोटो फॅमिलीचा, हप्ता फॅमिलीचा. आणि फॅमिलीचं बिघडलं तर एकट्याने आजारी पडायचं?"

"कोणाला डिप्रेशन वगैरे असेल तर त्यांच्या नावाने टाका ना, मॅडम. बघू."

मित्रांनो, मी यंत्र आहे. यंत्रात एक भाग झिजला की दुसरा थरथरतो आणि आवाज तिसऱ्यातून येतो. जाळी वाजते म्हणून जाळीला आजारी ठरवणारा माणूस मी कारखान्यातही पाहिला नव्हता. इथे मात्र सगळा हट्ट तोच होता. वाजणारा एक भाग दाखवा, त्याला आजाराचे नाव द्या, मग पैसे देतो.

पुढच्या भेटीपूर्वी राजेशने बाकावर बायकोला हळूच विचारले, "तुझं नाव टाकूया? नुसतं कागदावर गं."

श्रुतिकाने त्याच्याकडे असे पाहिले की मला वाटले, ती उठून जाणार.

"आज कागदावर. उद्या भांडण झालं की तूच म्हणशील, हिला डिप्रेशन आहे. तुझं टाक ना!"

"माझं कसं टाकू? विमा ऑफिसचा. साहेबांच्या कानावर गेलं तर वाट लागेल माझी."

"बघ. म्हणजे कागदावर नुसतं नसतंच काही."

ताईंनी तर आधीच सांगितले होते, की तपासून जे आढळेल तेच लिहीन. त्यामुळे गाडी तिथेच अडली. मला इतका वैताग आला होता की माझी जाळी त्या दिवशी जास्तच वाजत असावी.

त्याच्या पुढच्या भेटीला ताईंनी गुणाजींनाही बोलावले. आधी नवरा-बायको आत जाणार, मग ते. गुणाजी बाकावर येऊन बसले. सडपातळ, पांढरी मिशी, खिशात चष्म्याचे घर. जन्मभर त्यांनी परळच्या गिरणीत एकच काम केले होते. यंत्रांना तेल घालण्याचे. गिरणी गेली, तरी कान तसेच राहिले होते. थोडा वेळ त्यांनी मला सहन केले. मग ते अस्वस्थ झाले. उठून त्यांनी माझ्या जाळीवर बोट ठेवले, कान जवळ आणला आणि पुटपुटले, "बुश सुको पडलो हा. कोणाचा लक्षच नाय."

गंधाली पाठमोरी बसून पुन्हा विमा कंपनीला फोन लावत होती. फोनवर वाट पाहायला लावणारे संगीत चालू होते. तिचे लक्ष नव्हते. गुणाजी शेजारच्या शिंप्याकडे गेले आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेऊन आले. मला बंद केले; आत तेव्हा कुणी मोठ्याने बोलत नव्हते. मागचा स्क्रू नाण्याने फिरवला, दांड्याच्या मुळाशी तेलाचे थेंब सोडले, पाती हाताने फिरवून तेल मुरू दिले, जाळीच्या कड्या दाबून बसवल्या. मग पुन्हा दोन नंबरवर लावले.

काय सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला हात लावला होता तो बरे करण्यासाठी. मी फिरत होतो आणि मला माझाच आवाज येत नव्हता. कारखान्यातून निघालो त्या दिवशी होतो तसा मी झालो होतो. "आता बघ," गुणाजी मला म्हणाले, "किती झकास!"

आणि त्या शांततेत प्लायवूडपलीकडून राजेशचा आवाज स्पष्ट बाहेर आला.

"बाबांचं नाव टाकू. आई गेल्यापासून ते तसे विचित्रच वागतात. डिप्रेशन म्हटलं तर कोणाला खोटं वाटणार नाही. आणि त्यांना सांगायची गरजच काय? त्यांना थोडंच कळणार आहे?"

गुणाजींचा हात माझ्या जाळीवर तसाच राहिला.

गंधालीच्या फोनमधले संगीत थांबले. "हॅलो, मॅडम? पेशंटचं नाव सांगता का?"

तिने वळून माझ्याकडे पाहिले आणि तिला सगळे समजले. ती धडपडत मला तीनवर टाकायला उठली. गुणाजींनी तिला हातानेच थांबवले.

आतून श्रुतिका बोलत होती. "अजिबात नाही. बाबा वेडे नाहीत, राजेश. आईंचं काम त्यांनी उचललंय, कारण त्यांना दुसरं काही सुचत नाहीये. माझं त्यांच्याशी पटत नाही, ते मी त्यांच्या तोंडावर सांगेन. पण त्यांना न विचारता असं काही लिहिलंस, तर मी परत या खोलीत येणार नाही. दिंडोशीलाही नाही."

"हॅलो? पेशंटचं नाव, मॅडम?"

गंधालीने फोन बंद केला. गुणाजींनी दार ढकलले.

दार उघडेच राहिल्यामुळे पुढचे मला दिसलेही. राजेश उभा राहिला. गुणाजी बसले नाहीत.

"मी आयकलंय सगळा," ते म्हणाले. "माका इचारलं असतंस तर व्हय म्हटलं असतंय रे. घाल माझा नाव. या वयात माका कोण नोकरीवरून काढतलो? पण चोरून? माझ्याच नावान?"

"बाबा, तसं नव्हतं..."

"तसाच होता," श्रुतिका म्हणाली.

ताईंनी खुर्ची पुढे केली. "बसा. तुम्ही हो म्हटलंत तरी मी तसं लिहिणार नाही. तुम्हाला खरंच आजार आहे की नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील. हवं असेल तर त्यांच्याकडे पाठवते. पण ते तुमच्यासाठी, विम्यासाठी नाही. आज मला एवढंच सांगा, स्वयंपाकघर तुम्ही सोडत का नाही?"

गुणाजी बसले. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "राजेशची आई आजारी होती तेव्हा माका काय्येक करूक जमला नाय. ती खाटेवरसून सांगी, मी रांधी. तेवढाच शिकलंय. आता ता पण सोडलंय, तर त्या घरात माझा काम काय?"

राजेश खाली बघत होता. श्रुतिका रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "बाबा, तुम्ही मला एकदा तरी सांगितलंत का हे? मला वाटलं, माझ्या हातचं तुम्हाला नको आहे."

"तुझी खिचडी खारट होती गो."

"होती," ती म्हणाली. "म्हणून उठायचं असतं का पानावरून? 'खारट आहे' म्हणायचं!"

राजेश पहिल्यांदा हसला, आणि दोघांनी त्याच्याकडे रागाने पाहिल्यावर लगेच गप्प झाला. गंधालीने उठून दार ओढून घेतले आणि मला तीनवर केले. पण मी इतका नीट झालो होतो की तीनवरही माझा आवाज होईना. शेवटी ती स्वतःच बाकावर बसून मोठमोठ्याने जुने वर्तमानपत्र वाचत राहिली.

ते बाहेर आले तेव्हा तिने गुणाजींना सांगितले, की हा पंखा आवाजासाठीच ठेवला होता. त्यांना आधी पटेना. "गिरणीत आमी आवाजाक कंटाळलंव, आणि हयसर तुमी आवाज पाळतास?" मग त्यांनी बाकाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि नाणे काढून माझी जाळी पुन्हा सैल केली. मी पुन्हा खडखडू लागलो. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

"पुढची वेळ कुणाच्या नावाने लिहू?" गंधालीने विचारले. आतापर्यंत ती राजेशच्या नावाने लिहीत असे.

राजेशने वडिलांकडे पाहिले. गुणाजींनी सुनेकडे पाहिले. माहेरी गेल्यापासून ती केंद्राला फोन करताना नुसते 'श्रुतिका' म्हणे, पुढचे नाव सांगत नसे.

"धुरी लिही," श्रुतिका म्हणाली. "तिघं."

गंधालीने लिहिले. तिच्या वहीत ते सहज मावले.

विमा कंपनीचे शेवटचे उत्तर नंतर आले. रुग्णाचे नाव नमूद नसल्यामुळे दावा बंद करण्यात येत आहे. गंधालीने ते वाचून टेबलावर असा हात आपटला की पेनांचा डबा खाली पडला. धुरी मंडळी अजून येतात, पण पूर्वीसारखी वरचेवर नाही, कारण फी त्यांनाच भरावी लागते. श्रुतिका काही दिवस दिंडोशीला राहते, काही दिवस मुलुंडला. काम अर्धे झाले आहे आणि गती मंदावली आहे. औषधाचा अर्धाच डोस घ्या, उरलेल्याचे पैसे आम्ही देणार नाही, असे तापाच्या रोग्याला कुणी सांगितले, तर तुम्ही भांडाल ना? इथे कुणी भांडत नाही. बाकावर बसलेली माणसे फोन ठेवतात आणि आपापसात विचारू लागतात, मग नाव कुणाचे टाकायचे? घर जोडायला आलेली माणसे त्या एका प्रश्नापायी माझ्यासमोर पुन्हा भांडतात, आणि तेव्हा मला कितीही वेगाने फिरवले तरी उपयोग नसतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. घरात सगळ्यांचे बिघडले असेल, तेव्हा एकालाच आजारी ठरवू नका. ज्याचा आवाज जास्त, दोष त्याचाच, असे समजू नका. आणि तुमच्यातले कुणी मोठे होऊन विमा कंपनीत बसेल, हे मला माहीत आहे. हुशार मुले तिथेही जातात. त्या दिवशी तुमच्यासमोर एक कोरा अर्ज येईल. त्यावर 'रुग्णाचे नाव' असे छापायला सांगाल, तेव्हा जरा थांबा, आणि त्याच्यापुढे तिघांपुरती जागा सोडा.